अक्कांचा कणकेचा पेपर

धुळ्याला बदली झाली तेव्हा मला खोली हवी होती, परीक्षा नको होती. पण देवपुरातल्या ज्या घराचं फाटक मी उघडलं, तिथल्या मालकीणबाईंनी माझं नाव विचारलं नाही, खातं विचारलं नाही, आधार कार्डसुद्धा मागितलं नाही. त्यांनी माझ्यासमोर परात ठेवली. परातीत पीठ, बाजूला पाण्याचा तांब्या.

"हं, मळा," त्या म्हणाल्या.

"काय मळू?"

"कणीक. दुसरं काय मळतात माणसं?"

माणसं तंबाखूही मळतात, आमच्या खात्यात तर तीच जास्त मळतात, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. मी बाह्या सरसावल्या आणि तांब्या सरळ परातीत उपडा केला. बघता बघता माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लगद्यात रुतले, नाकाला खाज सुटली आणि खाजवायला एकही बोट कोरडं उरलं नाही. बाई चष्म्यावरून शांतपणे बघत होत्या.

"लग्न झालंय?"

"झालंय. बायको चोपड्याला शाळेत शिकवते. ती तिकडे, मी इकडे."

"सुटली बिचारी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नापास. पण खोली देते. नापास माणूस डोळ्यांपुढे असलेला बरा."

अशी माझी आणि अक्कांची ओळख झाली. त्यांना नाव असणारच, विजेच्या बिलावर ते छापूनही येत असेल, पण गल्लीत सगळे अक्काच म्हणत. त्या मला पहिल्या दिवसापासून 'ओ चोपडा' म्हणायला लागल्या आणि मी घर सोडेपर्यंत माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात अक्कांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीच्या वेळी शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं, पण मार्क द्यायची सवय काही काढून घेतली नाही. तिथंच घोटाळा झाला. शाळा सुटली आणि बाईंनी अख्खी गल्ली वर्गात बसवली. ठेंगणा बांधा, चष्म्याच्या काचेवर कायम पिठाचा एक तरी ठिपका, आणि उजव्या हाताची तर्जनी सदैव तयार. ही तर्जनी त्या मळलेल्या कणकेत खुपसत आणि पडलेला खळगा किती वेळात वर येतो ते बघत. लगेच वर आला तर कणीक कच्ची, वर आलाच नाही तर मेलेली, आणि सावकाश, आळस दिल्यासारखा वर आला तर पास. पास झालेली माणसं गल्लीत फारशी नव्हती.

"कणीक मळणं हे हाताचं काम नाही, स्वभावाचं काम आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यामागे मोठं शास्त्र होतं. सगळं पाणी एकदम ओतणारा माणूस उधळ्या. थेंबथेंब घालणारा संशयी. मळून झाल्यावर कणकेनेच परात पुसून घेतो तो संसाराला चांगला. कणकेवर ओलं फडकं टाकायला विसरतो त्याच्यावर म्हातारपणी विसंबू नये. आणि पीठ चिकटल्यावर जो परातीलाच शिव्या घालतो तो पुढारी होणार, लिहून घ्या.

घरातली कणीक रोज सकाळी त्यांचे यजमान मळत. आबा म्हणजे गरीब गाय. एसटीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, तिथून निवृत्त झाले आणि घरी येऊन परातीवर रुजू झाले. मी एकदा भीतभीत विचारलं, "अक्का, आबा पास झाले का हो?"

"एटीकेटीवर आहेत," अक्का म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं होऊन आबांचा हा एक विषय अजून सुटला नव्हता. ते पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

घरात विकतचा पाव आणायला बंदी होती. आता एकट्या राहणाऱ्या सरकारी नोकराला पाव बंद म्हणजे श्वास बंद. मी एकदा ऑफिसच्या फायलींच्या पिशवीत लादीपाव दडवून आणला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असेन, खालून हाक आली, "ओ चोपडा! पिशवीमा काय शे?" अक्का एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलत, संशय आला किंवा राग आला की सरळ अहिराणीवर उतरत. मी म्हटलं, "फायली आहेत." त्या म्हणाल्या, "फायलींना खमिराचा वास येत नाही."

पाव त्यांना वर्ज्य नव्हता, गंमत अशी. कुकरच्या तळाला मीठ पसरून, त्यात कणकेचा असा लुसलुशीत पाव त्या भाजत की बेकरीवाल्याने शिकवणी लावावी. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "विकतचा पाव कुणी मळला, त्याचा स्वभाव कसा, काय माहीत? परक्या माणसाचा स्वभाव पोटात कशाला घ्यायचा?" मी तेव्हा हसलो होतो. पाव जप्त झाला आणि रविवारी सकाळी मला खाली यायचा हुकूम झाला.

त्या रविवारांवर मात्र माझं प्रेम होतं, खोटं कशाला बोलू? फुलके, धपाटे, कळण्याच्या पुऱ्या, वरणात सोडलेली कणकेची फळं, सगळं मला त्यांनी शिकवलं. "चार माणसांच्या घराला रोज लागतं ते सोपंच असलं पाहिजे," त्या म्हणत आणि ते सोपं शिकवताना माझा जीव काढत. चोपड्याला सुट्टीवर गेलो की मी बायकोला धपाटे करून घालायचो. ती खायची आणि म्हणायची, "तुमच्या त्या अक्कांना एकदा माझा नमस्कार सांगा. माझ्या सासूला जमलं नाही ते त्यांनी केलं."

नगरपालिकेच्या, म्हणजे आता महानगरपालिकेच्या, निवडणुकीत आमच्या वॉर्डातला एक उमेदवार मतं मागायला आला. मागे ढोल, पुढे मोबाइलवर शूटिंग करणारे दोघे. अक्कांनी फाटकातच परात आणून ठेवली. उमेदवाराला वाटलं, वा, झकास रील होईल! त्याने अंगठ्या काढल्या, हात जोडले आणि बसला मळायला. कार्यकर्ते घोषणा देतायत, हा घाम पुसतोय. शेवटी अक्कांनी बोट खुपसलं आणि चालू कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं, "वरून गुळगुळीत, आतून कोरडं पीठ. पस्तीसही नाहीत." तो उमेदवार निवडून आला. अक्का म्हणाल्या, "लोकांनी कणीक बघितली नाही, त्याला मी काय करू?"

आता मुद्द्याचं सांगतो. अक्कांना एक मुलगी होती, पल्लवी. एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. दिवसभर ती लोकांचं रक्त तपासायची आणि घरी आली की आई लोकांची कणीक तपासत बसलेली असायची. मुलगी हुशार, बोलायला मोकळी, आणि तिशी ओलांडून गेलेली. लग्न जमत नव्हतं, कारण आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने पोहे आणायचे नसत, मुलाने कणीक मळायची असे.

पाचोऱ्याहून एक स्थळ आलं, मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर. त्याने हातमोजे मागितले. दुसऱ्याने मोबाइल परातीला टेकवून व्हिडिओ लावला आणि व्हिडिओतल्या बाईच्या वेगाने मळायला गेला; ती बाई तव्यावर पोचली तेव्हा हा अजून पाण्यावर होता. तिसऱ्याची आई ताडकन उठली. "आमचा पोरगा नवरदेव म्हणून आलाय का आचारी म्हणून?" अक्का म्हणाल्या, "तुमची सून कोण म्हणून येणार होती?" माझ्या मनात आलं, टाळ्या वाजवाव्यात. त्या बाबतीत अक्का सोळा आणे खऱ्या होत्या आणि मी तसं सगळीकडे सांगत सुटलो होतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं. मी खुर्च्या लावायला होतो. अक्का माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लोक मला विचारतात, मुलीला कसं स्थळ बघता? मी पत्रिका बघत नाही. पगार बघत नाही. जात बघत नाही. मी कणीक बघते!" केवढ्या टाळ्या! बायकांनी वाणाचे डबे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. पल्लवी शेवटच्या रांगेत होती. तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आईचा अभिमान वाटतोय पोरीला. वाटत होताच. पण नुसता तेवढा नव्हता.

पुढच्याच महिन्यात तिने एका मुलाला घरी आणलं. अमोल. साक्रीच्या सरकारी दवाखान्यात औषधं देतो, फार्मासिस्ट. शिकायला धुळ्यात होता, तेव्हापासूनची ओळख. उंच, सावळा, बोलणं कमी. अक्कांनी नेहमीप्रमाणे नाव-गाव काही विचारलं नाही. "बट्टीची कणीक मळ," म्हणाल्या आणि परात सरकवली.

बट्टीची कणीक म्हणजे चेष्टा नाही. जाडसर दळलेले गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. पाणी जरा जास्त झालं की बट्टी बसलीच. बाहेरच्या मुलाला एकदम हा पेपर म्हणजे अक्का त्या दिवशी तापलेल्याच होत्या.

अमोलने पिठाला हात लावायच्या आधी विचारलं, "जेवायला किती माणसं आहेत?"

अक्का चपापल्या. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. त्याने तेल पिठाला चोळलं, मूठ वळून बघितली, ओंजळीने पाणी शिंपडत गेला. तोंडाने काही नाही, कपाळावर घाम नाही. कणीक झाली, परात कणकेनेच पुसली, ओलं फडकं मागून घेतलं, झाकलं आणि हात धुवायला गेला. माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेलं. अक्कांनी फडकं वर करून बोट खुपसलं. खळगा सावकाश वर येत होता आणि अक्कांच्या तोंडावर हसू.

"कुठं शिकलास रे बाळा?"

"घरीच. वडील लवकर गेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, पिंपळनेरजवळ. मी आधी घरी यायचो, मग कणीक मळून ठेवायचो. पण खरा हात बसला तो जयंतीला. आमच्या वस्तीत सगळ्यांना वरण-बट्टी असते. तिथं परात पुरत नाही, घमेल्यात मळावं लागतं."

"कोणाची जयंती?"

"चौदा एप्रिलची."

अमोलचं घर बौद्ध होतं. पल्लवीने हे आईला आधी सांगितलं नव्हतं, कारण आईने विचारलं नव्हतं आणि माईकवर बोललेलं पोरीने खरं धरलं होतं. अक्कांचं बोट अजून कणकेतच होतं. हसू तिथल्या तिथे राहिलं आणि मग हळूच उतरलं. मी ते डोळ्यांनी बघितलं.

"मोहन... मोहन जरा कमी वाटतंय," अक्का म्हणाल्या.

आबांनी पेपर खाली केला. जो माणूस उमेदवाराच्या ढोलांनाही मान वर करत नाही, त्याने पेपर खाली केला.

"एक पेपर आणखी द्यावा लागेल," अक्का म्हणाल्या.

बट्ट्या वाफवल्या, कापल्या, तळल्या. आम्ही सगळे जेवलो. अशी बट्टी मी चोपड्यातही खाल्ली नव्हती. अक्कांना मात्र त्या दिवशी नेमकी ॲसिडिटी झाली. त्यांनी ताकभात खाल्ला.

दुसरा पेपर पुढच्या रविवारी, कळण्याच्या भाकरीचा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ नवख्याच्या हातात वाळूसारखं सुटतं. अमोलने भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, विस्तवावर टम्म फुगवली. आम्ही श्वास रोखून अक्कांकडे बघतोय. अक्कांनी भाकरी उलटली, पालटली, उजेडाला धरली.

"गोल जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"काय?" पल्लवी म्हणाली.

"इतकी गोल भाकरी करणारा माणूस हट्टी असतो."

हे शास्त्र आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी स्वतःची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी व्हायची तेव्हा याच बाईंनी मला अर्धा तास उभं राहून झापलं होतं. मला अक्कांचा राग आला. खराखुरा राग आला. ज्या बाईच्या नावाने मी ऑफिसात फुशारक्या मारत होतो, ती माझ्या डोळ्यांदेखत मार्कांची खाडाखोड करत होती.

अमोलला बसस्टँडवर सोडायला मी गाडीवरून गेलो. चहा घेताना म्हणालो, "अक्का जरा विक्षिप्त आहेत, मनावर घेऊ नका."

तो हसला. "भाऊ, विक्षिप्त बिक्षिप्त काही नाही. मला हा पेपर पाठ आहे. कॉलेजात तोंडी परीक्षेला सरांनी आधी गाव विचारलं, मग गल्ली विचारली, मग औषध विचारलं. खोली बघायला गेलो की आडनाव सांगितल्यावर खोली कालच गेलेली असते. इथं निदान जेवायला तरी मिळतं."

"मग येताय कशाला?"

"पल्लवीसाठी. तिला वाटतं, आईने मनापासून हो म्हणावं. आईवर फार जीव आहे हो तिचा."

घरी आलो तर पल्लवी जिन्यात बसलेली. डोळे लाल. "भाऊ, आता आखाजीला तिसरा पेपर ठेवलाय तिने. हा शेवटचा. ह्यानंतर मी त्याला या घराची पायरी चढू देणार नाही. मीच उतरेन. कोर्टात लग्न करू आणि साक्रीला राहू. आणि एकदा गेले की आखाजीलासुद्धा येणार नाही, सांगून ठेवते." तिने हे आईलाही सांगितलं होतं. अक्का ऐकत होत्या आणि कढई घासत होत्या, जी आधीच घासलेली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, आणि अक्कांचा पेपर काय होता, तर खापरावरचे मांडे! उपडं घातलेलं मातीचं खापर खाली जाळ घालून तापवायचं, तिंबून तिंबून लोण्यासारखी केलेली कणीक, आत पुरण, आणि ती पोळी लाटण्याने नाही तर हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत चादरीएवढी करायची आणि झेपावून खापरावर टाकायची. आमच्याकडे हे बायकांना बायका शिकवतात आणि त्यातल्याही निम्म्या जणी सणाला जाणकार बाई बोलावतात. फार्मासिस्टला हा पेपर म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट पुराच्या तापीत ढकलणं.

आखाजीच्या सकाळी परसात चूल पेटली. गल्लीतल्या सुमनबाई नेहमीप्रमाणे आलेल्या होत्या. मांडे करावेत तर सुमनबाईंनी, असा त्यांचा देवपुरात लौकिक. अक्कांनी त्यांना पाटावर बसवलं. "सुमन, आज तू नुसती बघ. आज परीक्षा आहे."

अमोलने कणीक तिंबली, चांगली तिंबली. पुरण भरलं. गोळा हातावर घेतला, पसरायला लागला. पोळी मनगटापर्यंत गेली, कोपराकडे सरकली, मधोमध बारीकसं भोक पडलं, भोक वाढलं आणि पुरणासकट अर्धा मांडा त्याच्या सदऱ्यावर आला, अर्धा खापरावर. दुसरा गोळा. दुसरा जमिनीवर. पल्लवीने तोंडाला पदर लावला. ओढणीच होती, पण लावायची तऱ्हा तीच.

"नापास," अक्का म्हणाल्या.

काय सांगू तुम्हाला, त्या एका शब्दात किती सुटका होती! जात बघितली नाही, पत्रिका बघितली नाही, कणीकच बघितली आणि पोरगा नापास झाला. नियमाप्रमाणे झालं, सगळं कसं स्वच्छ! महिला मंडळात पुन्हा उभं राहता येणार होतं. पल्लवी उठली, आत गेली, आणि आतून कपाटाचं दार उघडल्याचा आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पाटावरून सुमनबाई बोलल्या. त्या बाईंना यातलं राजकारण काही माहीत नव्हतं. "पन अक्का, नापास कसाले म्हनतस? मांडे तुम्हले तरी कुठे येतस? दर आखाजीले मीच करस ना!"

पल्लवी दारात येऊन उभी राहिली, बॅग हातात.

"आई, तू टाक एक," ती म्हणाली. "मी थांबते."

अक्कांना नाही म्हणता आलं असतं. मोठ्या माणसांना नेहमी नाही म्हणता येतं. पण सगळा जन्म त्यांनी मुलींना सांगितलं होतं की प्रात्यक्षिकाला पळून जायचं नाही. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, गोळा घेतला, हातावर घातला. पोळी एका बाजूने जाड झाली, दुसऱ्या बाजूने लोंबली, आणि त्यांनी ती खापरावर टाकायला हात उचलला तर ती कोपरालाच गुंडाळून बसली. पुरणाचा ओघळ बगलेपर्यंत गेला. चष्म्यावर या वेळी ठिपका नव्हता, आख्खा गोळा होता.

कुणी हसलं नाही. मग आबा, माझ्या मुक्कामात घरच्या मामल्यात ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता ते आबा, म्हणाले, "एटीकेटी."

सुमनबाई फस्सकन हसल्या. मी हसलो. अमोल तोंड फिरवून हसला. पल्लवीसुद्धा. अक्का तशाच उभ्या होत्या, कोपराला मांडा, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरानं आलं असं त्या म्हणाल्या असत्या तर आम्ही मानलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत.

"मी बी नापास शे," त्या म्हणाल्या. मग अमोलकडे बघून, शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तू पहिल्या रविवारीच पास होतास. मोहन बरोबर होतं. भाकरी बरोबर होती. कणकेत काही नव्हतं रे. तू जयंती म्हणालास आणि माझं मन मागे सरलं. खोट माझ्यात होती, आणि मी तुझ्या परातीत शोधत बसले."

अमोल पुढे झाला आणि त्यांच्या कोपराचा मांडा सोडवायला लागला. तो सुटेना. शेवटी सुमनबाईंनी पाणी ओतलं.

"तुझ्या आईंना बोलाव," अक्का म्हणाल्या.

पल्लवीने बॅग खाली ठेवली नाही. "त्यांनाही परात देणार आहेस?"

"नाही. परात मी घेईन," अक्का म्हणाल्या. "मार्क त्या देतील."

तेव्हा कुठे तिने बॅग खाली ठेवली.

पुढच्या रविवारी अमोलच्या आई आल्या. मुख्याध्यापिका. सुती साडी, मनगटावर मोठं घड्याळ, पाठ ताठ. त्यांनी अंगणात चप्पल काढली आणि जरा उंबऱ्याशी थांबल्या. परक्या घरात कुठपर्यंत आत जायचं याचा अंदाज घेत थांबतात माणसं, तशा. अक्कांनी त्यांचा हात धरला आणि बैठकीच्या खोलीत बसवलं नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं, ओट्याशेजारी खुर्ची दिली. मग स्वतः खाली बसून बट्टीची कणीक मळायला घेतली. पाणी एकदा जास्त पडलं, मग पीठ घातलं, मग पीठ जास्त झालं. मी दारात उभा राहून बघत होतो. उमेदवाराला घाम फुटला होता तसाच घाम बाईंच्या कानशिलावरून ओघळत होता, आणि मला त्यांची दया आली.

झालं. अक्कांनी परात खुर्चीकडे सरकवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. त्यांना मुलाने सगळं सांगितलेलं होतं, पहिल्या रविवारच्या ताकभातासकट. त्यांनी घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, वाकून बोटाने कणीक दाबली आणि खळगा कसा वर येतो ते बघितलं.

"घट्ट शे, ताई," त्या म्हणाल्या. "अजून मळावी लागेल."

अक्कांनी 'हो' म्हटलं, परात पुढ्यात ओढली आणि पुन्हा मळायला लागल्या.